गेटवर बसलो आहे असे समजावे

रोज सकाळी सात दहाला आबा खुर्च्या भिंतीकडे सरकवत. मिटिंग उभ्यानंच करायची, बसलं की माणूस गप्पा मारतो, असा त्यांचा नियम होता. मग ते पुढच्या खोलीतल्या पांढऱ्या बोर्डासमोर उभे राहत, कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेत आणि मोठ्यानं विचारत, "ओळ एक. गरिबी. कोन हाय?"

खोलीत ते एकटेच असत.

तरी ते थांबत. समोरच्यानं घसा खाकरून उत्तर द्यावं एवढा वेळ. मग म्हणत, "कोन न्हाई. फुडं. ओळ दोन. भूक. कोन हाय?" असं सतरा वेळा. वरच्या जिन्यात दात घासत मी ते ऐकायचे आणि पहिले काही दिवस मला वाटलं, आपण वेड्या माणसाच्या घरात भाड्यानं आलो आहोत. भाडं परवडत होतं, म्हणून राहिले.

थेरगावात डांगे चौकाच्या मागे त्यांचं घर होतं. घराणं तिथलं जुनं, शेतकरी. शेतं कधीच गेली होती आणि उरलेल्या तुकड्यावर आबांनी मागे पाच खोल्या काढल्या होत्या, वर एक. मागच्या पाचांत चाकणच्या कारखान्यांत कामाला जाणारी कुटुंबं राहत, वरच्या एकीत मी. पिंपरी कॅम्पात एका छापखान्यात मी मजकूर जुळवायचं काम करायचे, आणि उरलेल्या वेळात कंत्राटी कामगारांसाठी पत्रकं लिहायचे.

पत्रकांशी माझं नातं जरा वेगळं आहे. माझे वडील कंपनीत युनियनचं काम करत. आमच्या घरात गोष्टींची पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. डब्यांखाली पत्रकं, फळीवर पत्रकं, माझ्या शाळेच्या वह्यांना कव्हर पत्रकांचं. मी 'कमळ' वाचायच्या आधी 'धिक्कार' वाचला. कंपनी बंद पडल्यावर वडील आईला घेऊन गावी परतले. मी इथेच राहिले, कारण मला वाटत होतं की त्यांचं एक वाक्य अर्धं राहिलं आहे आणि ते मला पुरं करायचं आहे.

अशा मुलीला सकाळी सात दहाला हवेशी बोलणारा म्हातारा काय पटणार?

आबा चाकणच्या एका गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात तीस वर्षं होते. काम एकच, पाठपुरावा. ज्या पुरवठादाराकडून माल वेळेवर येत नाही त्याच्याकडे आबांना पाठवायचं. ते जाऊन भांडत नसत. डबा घेऊन जात आणि गेटवर वॉचमनच्या शेजारी स्टूल टाकून बसत. आतून निरोप यायचा, साहेब मिटिंगमध्ये आहेत, उद्या या. आबा म्हणत, "मी येतोय आसं न्हाई. मी आलोय. गेटवर बसलोय. तेवढं सांगा." दर तासाला एवढंच. एकदा म्हणे भोसरीत ते तीन दिवस बसले. तिसऱ्या दिवशी मालक स्वतः बाहेर आला आणि म्हणाला, "आबा, टेम्पो भरलाय. आता तरी जा राव, माझी बायको तुमच्यासाठी जास्तीची भाजी करायला लागलीय." ही गोष्ट मला त्यांनी किमान सात वेळा सांगितली. दर वेळी भाजी बदलायची.

बोर्डाची गोष्ट मात्र त्यांनी एकदाच सांगितली.

कारखान्याच्या कॅन्टीनबाहेर मुख्य ऑफिसातून एक पोस्टर आलं होतं. सतरा रंगीत चौकोन. पोरं म्हणायची ल्युडो लावलाय. आबांनी रांगेत उभ्या उभ्या ते पूर्ण वाचलं. जगातल्या सगळ्या देशांनी मिळून ठरवलेली सतरा कामं. कुणी गरीब राहू नये, कुणी उपाशी राहू नये, सगळ्यांना शाळा, दवाखाना, पाणी. आणि खाली तारीख, २०३०. आबा ताट तसंच हातात घेऊन ऑफिसात गेले आणि विचारलं, "ह्याच्यात जबाबदार मानसाचा रकाना कुठाय?"

ऑफिसातली मुलं हसली. आबांना हसण्यासारखं काय आहे ते कळलं नाही. त्यांच्या कारखान्यात साधा नट उशिरा येणार असला तरी बोर्डावर चार रकाने भरावे लागत. काम, जबाबदार, ठरलेली तारीख, आजची स्थिती. जबाबदारचा रकाना रिकामा ठेवून बोर्डासमोरून हलायचं नाही, हा तिथला कायदा. आणि इथे जगभरच्या भुकेला तारीख होती, माणूस नव्हता.

निवृत्तीच्या दिवशी सहकारी त्यांना चांदीचा गणपती देणार होते. आबांनी ते पोस्टर मागितलं.

घरी येऊन त्यांनी ते बोर्डावर उतरवलं. सतरा ओळी, चार रकाने, कोपऱ्यात उरलेल्या दिवसांचा आकडा, जो ते रोज सकाळी एकानं कमी करत. वेळेवर चाललेलं काम हिरवं, डळमळीत पिवळं, मागे पडलेलं लाल. मी राहायला आले तेव्हा सगळा बोर्ड लाल होता. मी पिंपरीला निघाले की खालून आवाज यायचा, "पोरी, लाल मार्कर आन गं एक. हिरवा नगं, हिरवा हाय तसाच हाय."

आणि पत्रं. मोठमोठ्या देशांच्या प्रमुखांना आबा दर महिन्याला पत्रं लिहीत. मराठीत. मी म्हटलं, "आबा, त्यांना मराठी येतं का?"

"मला त्यांची भाषा येती का? न्हाई. मग बरोबरी झाली. त्यांच्याकडं दुभाषे असत्यात, बसून पगार खात्यात. लावू की कामाला."

पत्ते तेवढे माझ्याकडून इंग्रजीत लिहून घेत. मग इस्त्रीचा शर्ट घालून पोस्टात जात आणि पोचपावतीसकट रजिस्टर करत. खिडकीतल्या बाई पाकीट उलटसुलट बघून म्हणायच्या, "आबा, परत राष्ट्राध्यक्ष?" आबा म्हणायचे, "काय करता बाई, मागच्या मैन्याचं उत्तर न्हाई आलं."

उत्तर कधीच आलं नाही. पण काही पोचपावत्या परत आल्या. कुठल्यातरी दूरच्या टपालखोलीतल्या कुणा कारकुनाची वेडीवाकडी सही, त्यावर शिक्का. आबा त्या बोर्डाच्या कडेला टाचून ठेवत आणि एखाद्या सहीवर बोट ठेवून म्हणत, "माल गेटच्या आत गेलाय. आता लायनीवर कवा चढतोय, बगायचं."

मला त्या पावत्या बघवत नसत. राग यायचा. जे लोक पाण्याला आणि भाकरीला तारखा देतात आणि विसरतात, त्यांना हा माणूस इस्त्रीचा शर्ट घालून विचारतो! एकदा मी म्हणाले, "आबा, असं विनवून कुणी ऐकत नसतं. मी लिहून देते तुमचं पत्र." आणि रात्रपाळीला जाणाऱ्यांसाठी लिहिते तसं दणकून लिहिलं. 'झोपेचं सोंग घेतलेल्या सत्ताधीशांनो' पासून सुरुवात होती. जनतेचा संयम होता, इतिहास होता, शेवटी तीन उद्गारचिन्हं होती.

आबांनी ते दोनदा वाचलं. पेन्सिलीनं एकेका ओळीखाली रेघ मारत गेले आणि शेवटी विचारलं, "ह्याच्यात प्रश्न कुठाय?"

"म्हणजे?"

"तू वरडलीस. झाक वरडलीस. पन विचारलं काय? त्यो मानूस वाचंल, म्हनंल पोरगी रागावलीया, आन ठिवून दील. रागाला उत्तर द्यावं लागत न्हाई, पोरी. प्रश्नाला द्यावं लागतं."

मग त्यांनी स्वतःचं पत्र दाखवलं. मोजून दहा ओळी. आपण अमुक काम अमुक तारखेपर्यंत करायचे कबूल केले आहे. आजपासून इतके दिवस उरले आहेत. इतके झाले आहे, इतके राहिले आहे. या कामाला आपल्याकडे जबाबदार कोण, त्यांचे नाव कळवावे. उरलेले काम कोणत्या तारखेला किती होईल, ते कळवावे. आणि सहीच्या वर एक वाक्य, सगळ्या पत्रांत तेच: 'मी आपल्या गेटवर बसलो आहे असे समजावे.'

मी तो कागद परत केला आणि वर जाऊन वडिलांची जुनी पत्रकं काढून वाचत बसले. एकातही प्रश्न सापडेना. त्या रात्री मला आबांचा फार राग आला. बरोबर असलेल्या माणसाचा येतो तसा.

त्यांची बायको मी यायच्या आधीच गेली होती. मुलगा सॉफ्टवेअरमध्ये, राहायला वाकडला, उंच इमारतीत, थेरगावहून रिक्षानं वीस मिनिटं. मुलगा वाईट नव्हता. रविवारी न चुकता फोन करायचा. आबा स्पीकर लावून बोलत, त्यामुळे जिन्यात सगळं ऐकू यायचं. गुडघा कसा आहे, गोळ्या घेतल्या का, आणि शेवटी आबांचा प्रश्न, "कवा येतूस?" पलीकडून, "बघू आबा, या आठवड्यात जरा रिलीज आहे." फोन ठेवल्यावर आबा बोर्डाकडे वळून म्हणत, "बगू ही तारीख न्हाई."

ते मुलाला बोलत होते की जगाला, हे मला तेव्हा कळत नसे. मला वाटतं, त्यांनाही त्यात फरक वाटत नसावा.

बँकेच्या कर्जासाठी येणाऱ्या फोनवरच्या मुलींना ते नाव, गाव, जेवलीस का, सगळं विचारत. मुलीच घाईनं फोन ठेवत. पावसाळ्यात एक दिवस सकाळी मी खाली उतरले तर मिटिंग चालू होती आणि सतराव्या ओळीनंतर ते म्हणत होते, "कुनाला काय अडचन हाय का? न्हाई? मग या." आणि त्यांनी खुर्च्या परत जागेवर ओढल्या. सहा खुर्च्या. एका माणसाच्या घरात.

पाण्याचा दिवस त्यानंतरचा. दोन दिवस नळ कोरडा होता. अंगणात पिंपांची रांग लागली होती, मागच्या खोल्यांतल्या बाया एकमेकींवर खेकसत होत्या, मला छापखान्यात जायला उशीर झाला होता, आणि आत आबा शांतपणे विचारत होते, "ओळ सहा. पानी आन संडास. कोन हाय?"

मी घागर आपटली आणि आत गेले. "कुणी नाहीये आबा! वर्षानुवर्षं कुणी नाहीये! कुणाला विचारताय तुम्ही? लिहा माझं नाव! लिहा, मी देते उत्तर!" आणि त्यांच्या हातातला मार्कर घेऊन सहाव्या ओळीच्या जबाबदारच्या रकान्यात माझं नाव मीच लिहिलं. टोमणा होता तो. टोचावा म्हणूनच मारला होता.

आबांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला.

"आता खोडायचं न्हाई," ते म्हणाले. "जबाबदार मानूस खोडता येत नसतो. रजा घेता येती. पन मग बदली मानूस द्यावा लागतो."

दुसऱ्या दिवशी सात नऊला माझ्या दारावर थाप. "सहा नंबर! मिटिंग हाय."

मी गेले. गंमत म्हणून गेले, कबूल करते. त्यांनी एकापासून पाचपर्यंत विचारलं, रिकाम्या खोलीसाठी थांबले, आणि "ओळ सहा, कोन हाय?" म्हणून माझ्याकडे वळले.

"मी आहे," मी म्हणाले. "पण आबा, मी काय करणार जगाच्या पाण्याचं?"

"जगाचं मागनं बगू. काल काय केलंस त्ये सांग."

काही केलं नव्हतं. आजची स्थिती, लाल. दुसऱ्या दिवशी लाल. तिसऱ्या दिवशी मला लाज वाटली. मी अंगणात फिरून आले आणि मिटिंगमध्ये सांगितलं, "सहा खोल्या, एकवीस माणसं, संडास एक. कडी तुटलीय, बाया अंधार पडायची वाट बघतात. नळाचा वायसर गेलाय, आलेलं पाणीही गळून जातं. घरमालक जबाबदार. घरमालकानं तारीख द्यावी."

आबांनी मागच्या दाराकडे बघितलं. इतकी वर्षं ते जगाला पत्रं लिहीत होते आणि घरामागच्या रांगेकडे त्यांनी कधी बोर्डासमोर उभं राहून बघितलं नव्हतं. मला वाटलं, आता खोली सोडायला सांगतील. त्यांनी मार्कर घेतला आणि माझ्या नावाखाली लहान अक्षरात लिहिलं: 'मी. पंधरा दिवस.'

"कमी न्हाई व्हायचं," ते पुटपुटले. "गवंडी मिळत न्हाई लवकर."

अकराव्या दिवशी दुसरा संडास उभा राहिला. आतून कडी, वर दिवा. त्या दिवशी मिटिंगनंतर आबांनी खणातून हिरवा मार्कर काढला. तो इतकी वर्षं पडून वाळला होता. त्यांनी टोक पाण्यात बुडवलं, बोटावर घासलं, आणि सहाव्या ओळीच्या कोपऱ्यात एक फिकट हिरवा ठिपका काढला. वाटाण्याएवढा. "पुरा रकाना न्हाई भरायचा," ते म्हणाले, "खोटं व्हईल. अजून लई जग हाय."

मग मी रोज जायला लागले. गल्लीतले गळके नळ झाले, शेजारच्या चाळीची टाकी झाली. मुलींच्या शाळेतल्या बंद संडासासाठी आम्ही दोघांनी मिळून दहा ओळींचं पत्र लिहिलं आणि आबा खरोखर तिथल्या गेटवर स्टूल टाकून बसले. माझ्या पत्रकांतही प्रश्न यायला लागले. छापखान्याचे मालक म्हणाले, "ताई, हल्ली उद्गारचिन्हांचा तुटवडा आहे का?" चाळीसेक दिवस असे गेले. आयुष्यातले सगळ्यात शहाणे दिवस होते ते, पण हे तेव्हा कुठे कळतं.

मग चाकणच्या बायकांचं आंदोलन सुरू झालं. कंत्राटावरच्या बायका होत्या, कामावर परत घ्या म्हणून बसल्या होत्या. मला तिथे असायला हवं होतं, यात मला आजही शंका नाही. तिथून जवळ, महाळुंग्यात खोली मिळाली. मी सामान बांधलं. आबा दारात उभे होते.

"तिकडं तुजी गरज हाय. जा." मग थोडं थांबून, "मिटिंगला कवा येशील?"

टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. मी गादी उचलत म्हणाले, "बघू, आबा."

'बगू ही तारीख न्हाई' हे वाक्य त्या दिवशी आबांनी गिळलं. ते बोलले असते तर बरं झालं असतं. मी हसून का होईना, एखादा वार दिला असता.

मी गेले नाही. आंदोलन लांबलं, मग दुसरं सुरू झालं. थेरगाव चाकणपासून काही चंद्रावर नाही. मी व्यासपीठावर उभी राहून दिलेला शब्द पाळण्याविषयी बोलत होते, आश्वासनं विसरणाऱ्यांचे वाभाडे काढत होते, आणि टाळ्या मिळत होत्या.

मग एक दिवस त्यांच्या मुलाचा फोन आला. "तुम्ही सहा नंबर का? आबांच्या फोनमध्ये तसंच सेव्ह आहे." आबांना झटका येऊन गेला होता. उजवी बाजू गेली होती, वाचा गेली होती. त्यानं त्यांना वाकडला आणलं होतं.

मी गेले. बारावा मजला. आबा खिडकीशी खुर्चीत होते. बोर्ड वॉशिंग मशीनच्या मागे उभा करून ठेवलेला. मुलगा अवघडून म्हणाला, "त्यांना बरं वाटावं म्हणून आणला. भाड्याचा फ्लॅट आहे, भिंतीला खिळा मारू देत नाहीत." मग त्यानं एक वही माझ्या हातात दिली. "हे तुम्हाला समजेल. मला वाटलं होतं, रविवारी फोन केला की झालं."

रोजच्या मिटिंगची वही होती. एका दिवसाला एक पान, सतरा ओळी. मी गेले त्या दिवसापासूनची पानं उलटत गेले. ओळ एक, कोणी नाही. ओळ दोन, कोणी नाही. ओळ सहा, माझं नाव, आणि पुढे: 'रजेवर. बदली, मी.' दुसऱ्या पानावर तेच. तिसऱ्या पानावर, 'रजेवर. बदली, मी. मागल्या गल्लीत दोन वायसर बसवले.' शेवटच्या पानापर्यंत. एकदाही 'गैरहजर' नाही.

मी त्यांच्यासमोर खाली बसले. मला भाषणं येतात, पण तिथे एकही उपयोगाचं नव्हतं. "येईन मी आबा," एवढंच निघालं.

आबांनी डावा हात उचलला. मला वाटलं, पाणी हवंय. ते दाराला अडकवलेल्या कॅलेंडरकडे बोट दाखवत होते.

"गुरुवारी," मी म्हणाले. "सात दहा."

हात खाली गेला.

गुरुवारी मी महाळुंग्याहून अंधारातच निघाले आणि पावणेसातला त्या सोसायटीच्या गेटवर पोचले. वॉचमननं वर फोन लावला. कुणी उचलेना. परत लावला. "मॅडम, झोपलेत वाटतं सगळे. वरून हो आल्याशिवाय सोडता येत नाही. दहानंतर या ना."

"बसते," मी म्हणाले. त्यानं नाइलाजानं स्टूल पुढे केलं. सात वाजले. सात पाच. दुधाच्या गाड्या आत जात होत्या. मी घड्याळाकडे बघत होते आणि आयुष्यात पहिल्यांदा मला कळत होतं की हा माणूस तीस वर्षं नेमकं काय करत होता.

सात दहाला वरून फोन उचलला गेला. वॉचमननं रिसीव्हर माझ्याकडे दिला. मुलाचा झोपाळू आवाज, "अहो, एवढ्या लवकर? तुम्ही येताय का?"

"येतेय असं नाही," मी म्हणाले. "आलेय. गेटवर बसलेय. तेवढं आबांना सांगा."

त्याच्या मागे, खोलीतून, फरशीवर काहीतरी घासल्याचा आवाज आला. थांबला. पुन्हा आला. कुणीतरी एका हातानं, मोठ्या कष्टानं, खुर्ची भिंतीकडे सरकवत होतं.